जुन्या डिझेल वाहनांसाठी परवडणारा इंधन फिल्टर : निवड, खरेदी आणि बसवणूक

देशातील लहान शहरांत व ग्रामीण भागांत मालवाहतूक, प्रवासी वाहतूक आणि शेतीची कामे आजही मोठ्या प्रमाणावर जुन्या डिझेल वाहनांवर अवलंबून आहेत. टाटा ४०७ सारखे छोटे ट्रक, सुमो, बोलेरो, क्वालिस, विविध बनावटीच्या जीप आणि पिकअप ही वाहने अनेक कुटुंबांच्या उदरनिर्वाहाचे साधन आहेत. यांपैकी काही वाहनांचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली आहेत. क्वालिसचे उत्पादन २००५ मध्ये, अँबेसेडरचे २०१४ मध्ये, तर सुमोचे २०१९ मध्ये बंद झाले. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारींचे उत्पादनच थांबविले. वाहन रस्त्यावर असेपर्यंत त्याला ठरावीक काळाने नवा इंधन फिल्टर लागतोच. अधिकृत विक्रेत्याकडे तो उपलब्ध नसला किंवा त्याची किंमत परवडत नसली, तर बाजारातील पर्यायांतून योग्य फिल्टर कसा निवडावा, याची माहिती या लेखात देण्यात येत आहे.

फिल्टरचे कार्य

डिझेल इंजिनात इंधन अत्यंत उच्च दाबाने सिलिंडरमध्ये फवारले जाते. ते काम करणाऱ्या पंपातील आणि इंजेक्टरमधील हलणाऱ्या भागांमध्ये केवळ दोन-चार मायक्रॉनची फट असते. मानवी केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतल्यास या फटीच्या सूक्ष्मतेची कल्पना येते. डिझेलसोबत आलेली धूळ, टाकीतील गंज आणि वाळूचे कण या फटीत शिरल्यास धातूचा पृष्ठभाग घासला जातो. शिवाय या भागांना वंगण पुरविण्याचे काम डिझेलच करीत असते. त्यात पाणी मिसळल्यास वंगण तुटते, गंज चढतो आणि पंप निकामी होतो.

त्यामुळे इंधन फिल्टरला दुहेरी काम करावे लागते. घन कण अडविणे हे पहिले आणि पाणी वेगळे करणे हे दुसरे. फिल्टरची किंमत सामान्यतः काही शे रुपयांच्या घरात असते. इंजेक्टर आणि पंप यांच्या दुरुस्तीचा खर्च मात्र हजारो रुपयांत जातो, आणि वाहन गॅरेजमध्ये उभे राहिल्याने बुडालेले भाडे त्यात धरलेले नसते. स्वस्त फिल्टर आणि परवडणारा फिल्टर यांतील भेद येथेच स्पष्ट होतो.

फिल्टरचे प्रकार

जुन्या ट्रक, ट्रॅक्टर आणि जीपमध्ये प्रामुख्याने दोन टप्प्यांची रचना आढळते. पहिल्या टप्प्यात जाड कण अडविणारा कापडी फिल्टर असतो, तर दुसऱ्या टप्प्यात बारीक कण अडविणारा कागदी फिल्टर. धातूच्या भांड्यात बसविला जाणारा हा भाग गॅरेजमध्ये ‘इन्सर्ट’ किंवा ‘एलिमेंट’ या नावाने ओळखला जातो. त्याची अर्धा लिटर आणि एक लिटर ही मापे सर्वपरिचित आहेत. हे फिल्टर अनेक वाहनांत एकसारखे असल्याने तालुक्याच्या गावीही सहज मिळतात आणि त्यांची किंमतही माफक असते.

दुसरा प्रकार म्हणजे आट्यांवर फिरवून बसविला जाणारा बंद डब्याचा फिल्टर. यात डब्यासह संपूर्ण फिल्टर बदलावा लागतो. अनेक डब्यांच्या तळाशी साठलेले पाणी काढण्यासाठी बूच असते, तर काहींमध्ये पाण्याची सूचना देणारा सेन्सर बसविलेला असतो.

तिसरा प्रकार २००० नंतरच्या दशकात आलेल्या कॉमन रेल इंजिनांचा आहे. या इंजिनांमध्ये इंधनाचा दाब सुमारे १,३०० ते १,६०० बार इतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात किंचित कमी प्रतीचा फिल्टर काही काळ निभावून जाऊ शकतो. कॉमन रेल इंजिनात मात्र तशी सवलत मिळत नाही. म्हणून ‘जुनी गाडी’ या एकाच सदरात या दोन्ही वाहनांची गणना करणे योग्य ठरत नाही. खर्चात कोठे काटकसर करावी, हे वाहनाच्या वयापेक्षा इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते.

बिघाड फिल्टरचाच आहे का?

चढावर इंजिनाची ताकद कमी पडणे, वेग वाढविताना झटके बसणे, सकाळी इंजिन सुरू होण्यास विलंब लागणे आणि मध्येच बंद पडणे, ही फिल्टर तुंबल्याची लक्षणे मानली जातात. तथापि, हीच लक्षणे अन्य कारणांमुळेही दिसू शकतात. टाकीपासून येणाऱ्या रबरी नळीला भेग पडल्यास किंवा तिचा क्लिप सैल झाल्यास इंधनात हवा शिरते. जुन्या वाहनांतील कडक झालेले रबरी वॉशर आणि ओ-रिंग हेदेखील हवा शिरण्याचे नेहमीचे ठिकाण आहे. अशा वेळी नवा फिल्टर बसवूनही त्रास कायम राहतो आणि दोष मात्र फिल्टरला दिला जातो.

थंड प्रदेशातील वाहनधारकांनी आणखी एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. तापमान बरेच खाली गेल्यास डिझेलमधील मेण गोठू लागते आणि त्याचे कण फिल्टरवर साठून इंधनाचा प्रवाह थांबतो. याच कारणासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंश सेल्सियसपर्यंत प्रवाही राहणारे विशेष हिवाळी डिझेल उपलब्ध करून दिले. मैदानी प्रदेशात टाकी भरून थंड पहाडी भागात गेलेले वाहन पहाटे सुरू झाले नाही, तर त्यामागे फिल्टरचा दोष नसून इंधनाचा प्रकार हे कारण असू शकते.

कोकण, गोवा आणि अन्य किनारपट्टीच्या भागांत याउलट पाण्याचा प्रश्न अधिक असतो. दमट हवेत टाकी अर्धी रिकामी राहिल्यास तिच्या आतील बाजूस बाष्प जमून पाणी डिझेलमध्ये उतरते. असे पाणी दीर्घकाळ साठल्यास त्यात सूक्ष्मजीवांची वाढ होऊन काळसर, बुळबुळीत थर तयार होतो आणि नवा फिल्टरही अल्पावधीत तुंबतो. अशा परिस्थितीत वारंवार फिल्टर बदलण्यापेक्षा एकदा टाकी उतरवून स्वच्छ करून घेणे अधिक किफायतशीर ठरते.

नेमका फिल्टर कसा ओळखावा?

खरेदीपूर्वी वाहनाचा चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि प्रदूषण मानक यांची नोंद करून घ्यावी. एकाच नावाच्या वाहनात मानक बदलताना इंधन यंत्रणाही बदललेली असू शकते. भारत-४ हे मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत-६ हे मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. या संक्रमणाच्या काळातील वाहनांबाबत केवळ मॉडेलचे नाव सांगून फिल्टर मागणे धोक्याचे ठरते.

इंजिन एकच असले तरी फिल्टर एकच असेल, असेही नाही. फियाटचे १.३ लिटरचे मल्टीजेट इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये आणि खुद्द फियाटच्या पुंटोमध्येही वापरले गेले. तरीही फिल्टरचे घर, नळ्यांची जोडणी आणि सेन्सरची जागा वाहनागणिक वेगळी असू शकते. त्यामुळे जुन्या फिल्टरवर छापलेला भाग क्रमांक हाच सर्वांत विश्वसनीय आधार होय. तो पुसला गेला असल्यास वाहनाच्या माहितीपुस्तिकेतून किंवा अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या खिडकीवरून तो मिळविता येतो.

हा मूळ क्रमांक हाती आला की स्वतंत्र फिल्टर उत्पादकांच्या यादीत त्याचा पर्यायी क्रमांक शोधता येतो. बहुतेक मोठे उत्पादक अशा तुलनात्मक याद्या प्रसिद्ध करतात. शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या उत्पादकांच्या याद्या ताडून पाहाव्यात. त्यानंतरच उंची, बाहेरील व्यास, आट्यांचे माप आणि रबरी गॅस्केटचा व्यास प्रत्यक्ष जुळवावा. आटे बसले म्हणजे फिल्टर जुळला, असे मानू नये. इंजिन ऑइलचे काही फिल्टर बाहेरून डिझेल फिल्टरसारखेच दिसतात आणि त्यांचे आटेही जुळू शकतात, परंतु त्यांचा कागद आणि आतील झडप निराळ्या कामासाठी बनविलेली असते.

‘पाच मायक्रॉन’ असा मजकूर खोक्यावर असला, तरी तेवढ्याने गुणवत्ता सिद्ध होत नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडविले जातात, हे महत्त्वाचे असते. डिझेल फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ ४०२० आणि कण मोजून कार्यक्षमता ठरविण्यासाठी आयएसओ १९४३८ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. ज्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात या चाचण्यांचा उल्लेख आढळतो, त्याच्या मालास प्राधान्य द्यावे.

किफायतशीर पर्याय कोठे मिळतात?

बाजारातील माल ढोबळमानाने तीन गटांत मोडतो. पहिला, वाहन कंपनीच्या खोक्यातील माल. दुसरा, नामांकित फिल्टर उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यातील माल. आणि तिसरा, ज्याला दुकानदार ‘लोकल’ म्हणतात तो माल. वाहन कंपन्या फिल्टर बहुधा स्वतः बनवीत नाहीत. त्यांना पुरवठा करणारे अनेक कारखाने तशाच प्रतीचा माल आपल्या नावाने खुल्या बाजारातही विकतात, आणि तो बहुधा काहीसा स्वस्त असतो. परवडणाऱ्या फिल्टरचा शोध या दुसऱ्या गटातच घ्यावा, हे व्यवहार्य होय.

भारतात या क्षेत्राचा पाया जुना आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. तरीही मिस्त्री मंडळींच्या तोंडी ‘मायकोचा फिल्टर’ हा शब्दप्रयोग कायम आहे. याच कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल व इंजेक्टर तयार होत आले आहेत. पुण्याची फ्लीटगार्ड, फरिदाबादची एलोफिक आणि प्युरोलेटर ही नावेही देशभरातील दुकानांत परिचयाची आहेत. एखाद्या वाहनासाठी यांपैकी कोणाचा फिल्टर योग्य, हे नावावरून नव्हे, तर पर्यायी क्रमांकावरून ठरवावे.

सुट्या भागांच्या घाऊक बाजारपेठांमध्ये दिल्लीचे काश्मिरी गेट, पुण्याची नाना पेठ, बंगळूरचा जे. सी. रोड आणि चेन्नईचा जनरल पॅटर्स रोड यांचा समावेश होतो. उत्पादन बंद झालेल्या वाहनांचे फिल्टर अशा ठिकाणी मिळण्याची शक्यता अधिक असते. लहान गावातील वाहनधारकांना तीन-चार जणांनी मिळून एकत्रित मागणी नोंदविल्यास भाव कमी पडतो. मात्र कागदी फिल्टर दमट जागी वर्षानुवर्षे पडून राहणे योग्य नसल्याने दोन बदलांपुरताच साठा करणे इष्ट ठरते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर सुट्या भागांवर वेगवेगळ्या दरांनी कर आकारला जात असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर एकसमान १८ टक्के दर लागू करण्यात आला. त्यामुळे त्यापूर्वी छापलेल्या किमतीच्या जुन्या मालाबाबत दुकानदाराकडे सुधारित किमतीची विचारणा करणे उचित ठरेल.

बनावट माल कसा ओळखावा?

वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असणे बंधनकारक आहे. यांपैकी एखादी बाब नसल्यास तो माल घेऊ नये.

खोके उघडल्यावर फिल्टरचे बारकाईने निरीक्षण करावे. कागदाच्या घड्या समान अंतरावर असाव्यात, त्या एकमेकींना चिकटलेल्या नसाव्यात. टोकाच्या झाकणाशी चिकटद्रव्य सलग भरलेले असावे. रबरी गॅस्केट मऊ व एकसंध असावे. आट्यांत लोखंडी कीस आढळल्यास फिल्टर परत करावा, कारण तो कीस थेट पंपात जाण्याचा धोका असतो. जुना डबा रंगवून पुन्हा विकण्याचे प्रकारही घडतात. आट्यांवरील ओरखडे, रंगाखालील गंज आणि डिझेलचा वास यांवरून तो ओळखता येतो. फिल्टर बदलल्यानंतर जुना डबा खिळ्याने भोसकून निकामी केल्यास या गैरव्यवहाराला काही अंशी आळा बसतो.

खोटे व्यापारचिन्ह वापरून माल विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ अन्वये गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. फसवणूक झालेल्या ग्राहकास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यासाठी पक्की पावती आणि रिकामे खोके जपून ठेवणे महत्त्वाचे आहे. पावतीवर भाग क्रमांक लिहून घेतल्यास तक्रारीला बळ मिळते.

ग्राहकाचा निवडीचा हक्क

सुटे भाग केवळ अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे लागतात, हा समज बराच रूढ आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात सुट्या भागांची विक्री अधिकृत जाळ्यापुरती मर्यादित ठेवण्याच्या प्रथेला आक्षेप घेतला आणि एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात आणि स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून देण्याचे निर्देशही त्यात होते. पुढे या आदेशाला अपिलात आव्हान देण्यात आले. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावरील पोर्टल सुरू केले असून त्यात वाहन क्षेत्राचाही अंतर्भाव आहे.

फिल्टर मिळतच नसल्यास

काही दुर्मीळ वाहनांचा फिल्टर कोठेही मिळत नाही. यांत्रिक पंपाच्या वाहनात अशा वेळी फिल्टरचे संपूर्ण घर बदलून तेथे अर्धा लिटर किंवा एक लिटरच्या प्रचलित इन्सर्टचे घर बसविण्याचा मार्ग उपलब्ध असतो. हे काम डिझेल पंपाची दुरुस्ती करणाऱ्या जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. इंजिनाला लागणारा प्रवाह मिळतो का, परतीची नळी योग्य जागी जोडली आहे का आणि नव्या जोडातून हवा शिरत नाही ना, याची खातरजमा आवश्यक असते. एकदा हा खर्च केल्यावर पुढील काळात फिल्टरचा प्रश्न सुटतो. कॉमन रेल वाहनात मात्र असा बदल करू नये.

कागदी फिल्टर पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी प्रचलित आहे. ती सर्वथा टाळावी. धुताना बाहेरील घाण आतील स्वच्छ बाजूस जाते, कागदाचे तंतू सुटतात आणि सूक्ष्म छिद्रे पडतात. तारेच्या जाळीचे प्राथमिक गाळणे धुता येते, परंतु तेही माहितीपुस्तिकेत तशी मुभा असेल तरच.

बसविताना घ्यावयाची काळजी

फिल्टर बदलण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे आणि परिसरात विडी-सिगारेट पेटविण्यास सक्त मनाई असावी. फिल्टरच्या घरावरील धूळ प्रथम पुसून घ्यावी. जुने वॉशर, ओ-रिंग आणि गॅस्केट पुन्हा न वापरता नवे बसवावेत. नव्या गॅस्केटला डिझेलचा हात लावावा आणि डबा पान्याने न आवळता उत्पादकाच्या सूचनेनुसार हाताने घट्ट करावा.

त्यानंतर यंत्रणेतील हवा काढावी लागते. यांत्रिक पंपाच्या वाहनात फिल्टरच्या घरावरील स्क्रू थोडा सैल करून फीड पंपाजवळील हातपंप दाबत राहावा. बुडबुड्यांविना डिझेलची सलग धार येऊ लागली की स्क्रू आवळावा. बाहेर पडणारे डिझेल भांड्यात धरावे. कॉमन रेल वाहनात उच्च दाबाच्या नळ्या सैल करून हवा काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. त्यातून निघणारी बारीक धार त्वचेत घुसून गंभीर इजा करू शकते. अशा वाहनात नव्या फिल्टरच्या मधल्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या छिद्रातून डिझेल ओतणेही टाळावे, कारण ते डिझेल न गाळताच पंपात जाते.

इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटे गळती तपासावी आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा पाहावी. बदलल्याची तारीख व किलोमीटर फिल्टरवरच लिहून ठेवल्यास पुढील बदलाची वेळ चुकत नाही. ही वेळ माहितीपुस्तिकेत दिलेली असते. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या किंवा पिंपातून डिझेल भरल्या जाणाऱ्या वाहनांत ती अलीकडे आणावी लागते. तळाचे बूच उघडून नियमितपणे पाणी काढल्यास फिल्टरचे आयुष्य वाढते आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

खर्च करण्यापूर्वी वाहनाच्या नोंदणीची स्थितीही पडताळून पाहावी. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत करावी लागते. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. २०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयासमोर येऊन अंतरिम आदेश झाले. त्यामुळे त्या क्षेत्रातील वाहनधारकांनी परिवहन कार्यालयाकडून प्रचलित नियमांची माहिती घेऊनच टाकी साफ करणे किंवा फिल्टरचे घर बदलणे यांसारख्या मोठ्या कामाचा निर्णय घ्यावा.